पन्नीखालचं डोकं

पन्नी वाजते. हे तुम्हाला कोणी आधी सांगत नाही. डॉक्टर एवढंच सांगतात की रात्री डोक्याला तेल अन् मलम लावा, केसांवरून प्लास्टिक बांधा, म्हणजे ओल आत राहते, खपल्या मऊ पडतात, सकाळी धुऊन टाका. पण कुशीवर वळलं की ती कानाशी चुरचुर करते, उताणं झालं की टाळूला चिकटते, घाम मानेवरून पाठीत उतरतो, हे झोपणाऱ्यालाच माहीत. अन् त्याच्या बाजूला झोपणाऱ्याला. माझ्या बाजूला माझी पोरगी झोपायची, मनू, पहिलीत जाते. ती माझ्या बाजूहून कशी गेली अन् परत कशी आली, एवढंच मला सांगायचं आहे. आजाराची बाकी माहिती तुम्हाला मोबाइलवर मिळेल, माझ्यापेक्षा बरी.

मी वैशाली, आंधळगावची सून. घरी मशीन आहे, ब्लाउज शिवते. माझं तोंड वाईट आहे असं सासूबाई म्हणतात, अन् त्या म्हणतात म्हणजे खरंच असेल, कारण त्यांचंही काही गोड नाही. ज्यांच्या डोक्यात, कोपरावर, गुडघ्यावर हे चट्टे निघाले त्यांच्यासाठी लिहिते आहे. ज्यांना नाही निघाले त्यांनीही वाचावं. खाजवायला आजार लावतो, पण रडवता तुम्ही लोक.

कोंडा

आधी कोंडाच वाटला. लिंबू लावलं, दही लावलं, करंजाचं तेल लावलं. ज्यानं जे सांगितलं ते डोक्यावर थापलं. कोंडा काही गेला नाही. उलट जाड झाला, कानामागून कपाळापर्यंत पांढरी पापडी चढली. नखानं काढली की खालून रक्त यायचं, अन् खाज एवढी की शिवताना हातातली कैची डोक्यात घालावीशी वाटायची.

मशीनवर बसले की पांढरा भुसा खाली पडायचा. काळं कापड घेणं मी बंद केलं. एक बाई, नेहमीची गिऱ्हाईक, ब्लाउज न्यायला आली. दारात उभी राहून तिनं तो ब्लाउज जोरात झटकला, घडी केली, अन् त्यानंतर आमच्या गल्लीतून ती दुसऱ्या टेलरकडे जाताना दिसायला लागली. मला तिचा राग आजही आहे. राग गेला असं खोटं लिहिणार नाही.

मग मनू डोकं खाजवायला लागली. शेजारीण अंगणात तांदूळ निवडत होती, तिथूनच ओरडली, “अवो वैशाली, पोट्टीले लागलं वाटते तुह्यं!”

त्याच संध्याकाळी मनूच्या बाबांनी तिची गोधडी उचलली अन् सासूबाईंच्या खाटेवर नेऊन टाकली. हे राईस मिलमध्ये कामाला आहेत, बोलणं कमी. एवढंच म्हणाले, “थोडे दिवस राहू दे आईजवळ.”

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बारीक फणीनं मनूचं डोकं विंचरलं. उवा होत्या! शाळेतून आणलेल्या. चांगल्या टपोऱ्या. मी हसत सुटले, म्हटलं चला, उवा तर उवा. रात्री मनूची वाट पाहत पडून राहिले. गोधडी काही परत आली नाही.

भंडाऱ्याचा दिवस

आम्ही दोघं गाडीवर भंडाऱ्याला गेलो. चामडीच्या डॉक्टरीणबाई. मी पदर घट्ट ओढून बसले होते, त्यांनी तो हळूच मागे केला अन् माझं डोकं उघड्या हातांनी धरलं. हातमोजे नाहीत, काही नाही. कानामागे बोट फिरवलं, कोपर पाहिलं, नखं पाहिली. कित्येक महिन्यांत मला असं कोणी धरलं नव्हतं. तिथंच माझं रडं फुटलं. अजून त्या काही बोलल्याही नव्हत्या.

मग बोलल्या. नाव सांगितलं, सोरायसिस. म्हणाल्या, “हा कोणाला लागत नाही. पण हा कायमचा जातही नाही. येईल, दबेल, पुन्हा येईल.”

हे म्हणाले, “आमची पोरगी आहे, मॅडम, लहान आहे. तिचं का?”

“तिला लागणार नाही. जवळ घेऊन झोपा.”

हे मान हलवत होते. मला वाटलं, चला, मिटलं. परत येताना मोहाडीच्या बाजारात यांनी मला भजी खाऊ घातली, अन् मी खाल्लीही. घरी आल्यावर मी मनूची गोधडी उचलायला गेले तर हे म्हणाले, “थांब वो थोडी. ‘जात नाई’ म्हणलं ना बाईनं. जे जात नाई थे लागत कसं नसन?”

मी खूप भांडले. पण खरं सांगू, रात्री अंधारात पडल्यावर मलाही वाटायचं की डॉक्टर आहेत, चार गोड शब्द सगळ्यांनाच बोलतात. आपल्या पोरीच्या काळ्याभोर केसांत ही पापडी चढली तर? मी गोधडी जिथल्या तिथं ठेवली. ठरवलं, आधी हे डोकं साफ करायचं, मग पोरीला आणायचं.

बोरा

आमच्या सासूबाई धानाला मोड आणण्यात हुशार. गावात कोणाचंही बियाणं असो, बोरा बांधायला त्यांनाच बोलावतात. धान पाण्यात भिजवायचं, निथळायचं, बोऱ्यात, म्हणजे पोत्यात, भरून तोंड बांधायचं, वरून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, तणसावर दगड. उन्हाळी धानाच्या वेळी थंडी असते, म्हणून तणसावरून आणखी पन्नी. आत गरमी धरली की मोड फुटतात, मग रोपांसाठी पऱ्हे टाकायचे. त्यांचा बोरा कधी नासला नाही. हे त्या स्वतःच दिवसातून एकदा तरी सांगतात.

डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम लावून मी पन्नी बांधत होते तेव्हा त्या उंबऱ्यात बसून पाहत होत्या.

“किती दिवस बांधाची म्हणलं बाईनं?”

“आठवड्यात दोन राती. सकाळी सोडाची अन् डोकं धुवाचं.”

“हॅट! दोन रातीत का होते?” त्या उठून जवळ आल्या. “ओलं कराचं, बांधाचं, गरमी धरू द्याची, हे तं आपलं धानाचंच काम आहे. मधात उघडलं का गरमी गेली, अन् गरमी गेली का मोड बसला. मोड येईपर्यंत उघडाचं नाई, हे मले कोणी सांगाचं का?”

“आई, डोक्याले का मोड आणाचे आहेत?”

“नवी चामडी मोडच होय ना वो! जुनं टरफल निंगन, खालून नवं येईन.”

तुम्ही हसाल. मी नाही हसले. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. दोन रात्रींचं ते नोकरीवाल्या बायांसाठी असेल, त्यांना सकाळी ऑफिसला जायचं असतं, असंही मी मनाशी म्हटलं. आमच्या घरात धानाची गोष्ट सासूबाईंनी सांगितली की वर कोणी बोलत नाही. त्यांनी माझे केस भांगाभांगानं उघडले, मलमाचा जाड थर दिला, वर तेल, त्यावर ओलं फडकं, फडक्यावर पन्नी, अन् वरून माझीच जुनी ओढणी करकचून बांधली. त्यांचा हात माझ्या डोक्याला पहिल्यांदाच लागत होता. चांगला वाटला.

अन् झालं असं की पहिल्या वेळी गुण आला. पन्नी सोडली तर पापडीचे तुकडेच्या तुकडे निघून आले. खाली गुलाबी कातडी. खाज नाही! मी अंगणात उभी राहून मनूला हाक मारली. ती आजीच्या पाठीमागून डोकावली अन् आजीलाच विचारलं, “आजी, जाऊ का आईजवळ?”

“थांब माय, अजून पुरं नाई झालं. अजून थोडं राह्यलं.”

ते “अजून थोडं” माझ्या कानात बसलं. मग मीच मागे लागले, बांधा आई, बांधा. रोज रात्री बांधायचं, मग दिवसाही सोडेनाशी झाले. मलमाची ट्यूब संपली की हे नवी आणायचे. पन्नीवरून पदर घेऊन मी मशीनवर बसायची. मनू शाळेतून आली की दारात उभी राहून विचारायची, “झालं का पुरं?” मी म्हणायची, “होऊनच राहिलं, बेटा.” आतून डोकं ठसठसत होतं, मान अवघडली होती, कानामागे काहीतरी ओघळायचं. ते मी तेल समजून पुसायची.

एक दिवस सकाळी सासूबाई चहा घेऊन आल्या अन् दारातच थांबल्या. नाक वर केलं. कप खाली ठेवला. मला त्यांचा चेहरा आठवतो. कोणाच्या अंगणात बियाणं वाजवीपेक्षा जास्त बांधून राहिलं, आत पाणी साचलं, तर जो आंबट घाण वास येतो, तो त्या रस्त्यावरून ओळखतात.

“आंबलं,” त्या म्हणाल्या. “आई वो! आंबलं!”

त्यांनी ओढणी तोडून पन्नी ओढली. पन्नीबरोबर माझे केस आले, मुळासकट, झुबक्यानं, पिवळ्या पुवात भिजलेले. त्यांनी ते सगळं परसात उकिरड्यावर फेकलं अन् तिथंच खाली बसून कपाळ बडवायला लागल्या. मला थंडी वाजत होती. मनू भिंतीला चिकटून उभी होती. तिनं सगळं पाहिलं.

भरती

ताप चढला तो उतरेना. दोन दिवसांत डोक्यावरचे फोड राहिले बाजूला, सगळं अंगच लाल झालं, भाजल्यासारखं, अन् पापुद्रे सुटायला लागले. भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरीणबाई आल्या, डोकं पाहिलं अन् यांच्यावर एवढ्या तडकल्या की सगळा वॉर्ड ऐकत होता. “औषध आहे ते, लोणचं नाही, घालून ठेवायला!” मलम नको तेवढं मुरलं, मग एकदम बंद झालं, कातडीनं सूड घेतला, असं काहीतरी सांगितलं. मला कळलं ते एवढंच की जीव जाऊ शकतो.

सिस्टरनं माझं डोकं भादरलं. राहिले होते ते केसही गेले. ती बिचारी फार हळू हात चालवत होती, तरी मी पलंगाची दांडी सोडली नाही. केस एका पिशवीत भरले अन् तिनं विचारलं, “ठेवायचे का?” मी म्हटलं, “कायले?”

दवाखान्यातले दिवस कसे सांगू? पहाटे झाडूवाली यायची, पलंगाखालून माझ्या अंगाचा भुसा सुपभर निघायचा. मी डोळे मिटून घ्यायची. मग सुई, मग ड्रेसिंग, मग अंगभर व्हॅसलीन, मग थंडी. अंगावर चादर टाकली तर चिकटायची, काढली तर दात वाजायचे. चादर बदलताना जुनी चादर पाठीची साल घेऊन निघायची. मी देवाला शिव्या दिल्या. डॉक्टरला, यांना, सासूबाईंना, सगळ्यांना दिल्या. मला मरावंसं वाटत होतं, हे मी स्पष्ट लिहिते, कारण तुमच्यापैकी कोणाला वाटत असेल तर त्याला कळावं की तो एकटा नाही. तेव्हा कोणाला तरी सांगा. मी सिस्टरला सांगितलं होतं. तिनं माझा हात धरला अन् नवीन सुई लावेपर्यंत सोडला नाही.

बाजूच्या पलंगावर अड्याळची एक म्हातारी बाई होती, पायाला मोठी जखम. तिचा मुलगा कामावर गेला की तिला जेवू घालायला कोणी नसायचं, अन् तिचे दोन्ही हात सुयांनी सुजलेले. एकदा मला म्हणाली, “बाई, दोन घास भरव ना मले.”

मी म्हटलं, “आजी, माह्यं अंग पाह्यलं का?”

“पाहूनच राहिली चार दिवसांपासून. हात धुतले का?”

“धुतले.”

“मंग दे ना! भात थंडा होऊन राहिला.”

मी तिला वरणभात भरवला. तिनं माझ्या बोटांपर्यंत तोंड आणून खाल्ला. त्या सबंध आजारपणात मला मिळालेली ही मोठी मेहेरबानी. घरचं माणूस माझ्या हातचं पाणी घेताना पेला पुसत होतं तेव्हा.

सासूबाई रोज यायच्या, पण वॉर्डात नाही. व्हरांड्यात जमिनीवर बसून राहायच्या. डबा आणायच्या, स्वतः खायच्या नाहीत. एकदा सिस्टरनं हाताला धरून आत आणलं तर पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या अन् म्हणाल्या, “माह्या हातानं कधी बोरा नासला नाई, वैशाली. तुह्यं डोकंच नासलं पाह्य.” मी तोंड फिरवलं. “तुमची काही चूक नाही” असं म्हणायला हवं होतं म्हणे, बाजूच्या पलंगावरच्या म्हातारीनं नंतर मला सांगितलं. पण मला नाही म्हणवलं. मला त्यांचा राग आला होता अन् माझा स्वतःचा त्याहून जास्त आला होता.

मनूला कोणी आणत नव्हतं. एका संध्याकाळी मी यांचा शर्ट धरला.

“अजी, माह्या पोरीले आणा. नाही तं मले इथंच मरू द्या.”

“कसी आणू वो? तुह्यं अंग पाह्यलं का? भेऊन जाईन पोट्टी.”

“डॉक्टरीणबाई किती डाव सांगून राहिल्या, लागत नाही म्हणून!”

हे म्हणाले, “डॉक्टरच्या घरची पोरगी नाई ना थे.” अन् निघून गेले. त्या रात्री माझं ठरलं की मी बरी झाले तरी या घरात माझी पोरगी मला परत मिळणार नाही. दबेल, पुन्हा येईल, असा आजार. म्हणजे “अजून थोडं” कधी संपणारच नाही. औषधाच्या गोळ्या मी जिभेखाली धरून ठेवल्या अन् थुंकून टाकल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं.

मनू

दोन-तीन दिवसांनी हे भलत्याच वेळी आले. सकाळी, चहावाला यायच्या आधी. अंगावर मिलचे कपडे, डोक्यात कोंडा म्हणजे खरा धानाचा कोंडा, रात्रपाळीहून सरळ आलेले. अन् कडेवर मनू. शाळेत जाणारी पोरगी, एवढी लांब झालेली, पण हे तिला तान्ह्या लेकरासारखं धरून होते. मी घाबरले. मला वाटलं पोरीला काही झालं.

“का झालं जी? बोला ना!”

मागून सासूबाई आल्या. त्यांनीच सांगितलं.

पहाटे त्या अंगण झाडत होत्या. हे मिलमधून आले, आत गेले. मनू गोधडीत होती. हे तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला वाकले तर आत पन्नी. तिच्या डोक्याला पन्नी बांधलेली, हनुवटीखाली माझ्या परकराच्या नाडीनं गाठ मारलेली, अन् झोपेत ती सरकून डोळ्यांवरून नाकापर्यंत आलेली. श्वासाबरोबर पन्नी नाकपुड्यांना चिकटत होती. यांनी दातांनी नाडी तोडली. मनू घामानं निथळलेली. जागी झाली अन् रडायला लागली, “काढू नका ना बाबा! सकाळवरी ठेवाची असते!”

ती साधी पन्नी नव्हती. सासूबाईंनी उकिरड्यावर फेकलेली तीच होती, माझी. मलमाचा थर, वाळलेला पू, माझे केस, सगळं तसंच चिकटलेलं. पोरीनं ती उचलून दप्तरात लपवली होती अन् आजीचा डोळा लागला की रोज बांधायची. मी भरती झाल्यापासून.

यांनी विचारलं, काहून केलं बेटा असं?

“मले आईसारखं झालं का मंग मले आईजवळ झोपू द्यान ना तुमी.”

हे सांगून सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मनू मात्र बापाच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहून तक्रार करत होती, “आई, मी रोज सकाळी पाहून राहिली डोक्याले. काई निंगूनच नाई राहिलं.”

काही निघूनच नाही राहिलं. ते ऐकलं अन् हे पलंगाजवळच्या लोखंडी स्टुलावर बसले. माझ्या नवऱ्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला. रडता रडता तेच तेच म्हणत होता, “काईच नाई झालं तिले. वैशाली, काईच नाई झालं. इतक्या राती बांधली तिनं, काईच नाई झालं.”

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या तेव्हा त्यांनी मनूचं डोकं खिडकीजवळ नेऊन पाहिलं. म्हणाल्या, “त्या पुवानं हिला फोड आले असते. अन् प्लास्टिकनं श्वास गेला असता. नशीब समजा. पण हा आजार म्हणाल, तर तिनं वर्षभर बांधली असती तरी लागला नसता. मी तुम्हाला हेच सांगत होते ना?”

मग यांनी उठून मनूला माझ्या पलंगावर ठेवलं. स्वतःच्या हातानं. तिनं माझं बोडकं, औषधानं जांभळं झालेलं डोकं पाहिलं. मी चादर ओढायला गेले. तिनं बोट लावलं.

“दुखते का?”

“थोडं.”

“तुह्ये केस?”

“काढले.”

“पन्नी?”

“नाही बांधून राहिली आता.”

“मंग सरक ना,” ती म्हणाली अन् माझ्या कुशीत शिरली. तिच्या फ्रॉकला माझा भुसा लागला. लागू दिला. दुपारच्या गोळ्या मी गिळल्या.

नंतर

मी बरी आहे. म्हणजे माझ्यासारख्या माणसानं जेवढं म्हणावं तेवढी. केस आले आहेत, बोटभर. उजव्या कोपरावर चट्टा पुन्हा आला आहे, कानामागेही सुरुवात आहे. तो दिसला त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले, मग तोंड धुऊन स्वयंपाक केला. दुसरं काय करणार?

खरिपाच्या वेळी गावातले लोक बियाणं बांधायला बोलवायला आले तर सासूबाई खाटेवरून उठल्या नाहीत. म्हणाल्या, “माह्या हाताले यश नाई राह्यलं.” मी त्यांच्यासमोर आमचाच बोरा आणून आदळला. “आई, हे डोकं नाही, धान आहे. बांधा.” त्या उठल्या. बांधून झाल्यावर मी मुद्दाम विचारलं, “मधात उघडून पाहू का?” तर खेकसल्या, “हात तं लावून पाह्य!” तेव्हापासून आम्ही पुन्हा भांडतो, पहिल्यासारख्या.

रोवणीला मी बांधीत, धानाच्या चिखलात, उतरले. पाऊस होता, सगळ्या बायांनी डोक्यावरून पन्नीची खोळ घेतलेली. वाकलेली सगळी रांग पन्नीखाली. माझी काही वेगळी नव्हती. शेजारीण माझ्या बाजूला लागली होती, तीच ती, “लागलं वाटते तुह्यं” वाली. ती मला चुना मागत होती तंबाखूसाठी. मी दिला. थोडा उशिरा दिला.

तुम्हाला एवढंच सांगते. डॉक्टर दोन रात्री म्हणाले तर दोनच रात्री. सकाळी सोडायची, डोकं धुवायचं, वास आला तर तडक दवाखान्यात जायचं. वापरलेली पन्नी लेकरांच्या हाताला लागेल अशी टाकायची नाही, अन् बांधलेली सरकणार नाही असं वरून कापड बांधायचं. अन् लेकरांना दूर करू नका. दूर केलं तर ती काय करतील हे तुम्हाला झोपेतही सुचणार नाही.

मंगळवारी अन् शनिवारी माझी पन्नी असते. सासूबाई मलम लावून देतात, बोटाच्या पेरावर मोजून, जास्त नाही. मनू माझ्या बाजूला झोपते, एक पाय माझ्या पोटावर टाकून. कूस बदलावीशी वाटते, कान दुखतो, घाम येतो. मी जरा हलले की ती झोपेतच कुरकुरते, “आई, हलू नको ना वो. वाजते.”

मी नाही हलत.